सात नंबरची नजर

निर्मला बोराटे यांच्यावर अन्याय झाला तो गेल्या वर्षी, मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. जागा: चाकणच्या औद्योगिक वसाहतीतला एक प्लास्टिकचा कारखाना, पहिला मजला, पाहुण्यांची खोली. वेळ मला पक्की ठाऊक आहे, कारण मी तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. त्यांच्याकडे बघायची हिंमत नव्हती.

काय अन्याय झाला तेही एका दमात सांगते. जिच्या डोळ्यांवर अख्ख्या कारखान्याचा माल बाहेर पडत होता, त्या बाईला रंग ओळखता येत नाहीत असं कागदावर लिहिलं गेलं. खाली सह्या झाल्या. दुपारी दोन वाजता गेटवर तिचा पास काढून घेतला.

पत्रक असतं तर इथे थांबले असते आणि खाली मागणी लिहिली असती. पण पत्रकात माणूस मावत नाही. आणि निर्मलाताई कशा होत्या हे कळल्याशिवाय तो कागद किती खोटा आहे हे तुम्हाला कळणार नाही.

आमच्या कारखान्यात व्हिडिओ गेमच्या कन्सोलची कवचं बनत. टीव्हीखाली जो डबा ठेवतात त्याची वरची प्लेट, खालची प्लेट आणि पोरं हातात धरतात त्या कंट्रोलरचं बाहेरचं अंग. आतलं यंत्र दुसरीकडून कुठून तरी येई आणि दुसरीकडेच बसवलं जाई, ते आम्ही कधी बघितलंही नाही. आमच्याकडे पांढरे दाणे यायचे, त्यात रंगाचे दाणे मिसळायचे, वितळवायचे, साच्यात दाबायचे. रंग बरोबर आला की नाही हे ठरवायला एक मशीन होतं आणि एक निर्मलाताई. मशीन आकडा दाखवी. निर्मलाताई दाखवीत काहीच नसत, नुसत्या बघत. त्यांनी बघून 'शेड पास'चा शिक्का मारला की पेटी पुढे जाई. त्या शिक्क्यावर सात आकडा होता. तपासणीतल्या प्रत्येकाला एक नंबर असे, त्यांचा सात. खालच्या मजल्यावरच्या निम्म्या लोकांना त्यांचं नावच माहीत नव्हतं. 'सात नंबर काय म्हणतोय?' असं विचारायचे, जणू सात नंबर ही बाई नसून हवामान आहे.

त्या मोशीच्या. जुन्या गावातल्या. शेतं होती तिथे आता बारा बारा मजले उभे आहेत, आणि त्यांतल्याच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्या राहायच्या. 'माझं न्हाणीघर हाय ना, तितं आमची मेथी यायची,' असं एकदा म्हणाल्या. हसत म्हणाल्या. वय पन्नाशीच्या अलीकडे. शिक्षण नववी. मी डिप्लोमा करून लातूरहून आलेली. पहिल्या दिवशी माझं टेबल त्यांच्या शेजारी लावलं तेव्हा, खरं सांगते, मला अपमान वाटला होता.

तो चार तासांत उतरला. काळ्या कंट्रोलरची पेटी आली. मी मशीन लावलं. आकडा मर्यादेत.

"पास आहे ताई."

त्यांनी एक कवच उचललं, बघितलं, ठेवलं. "न्हाई."

"मशीन पास म्हणतंय."

"मशीन घरी ऱ्हातंय का?"

मला काही कळेना. त्यांनी जेवणाच्या पिशवीतून एक बल्ब काढला. साधा, पिवळ्या उजेडाचा, होल्डर आणि वायरीसकट, फडक्यात गुंडाळलेला. रंग बघायला आमच्याकडे एक उभी पेटी होती, आतून राखाडी रंगवलेली, वर तीन दिवे: एक दिवसाच्या उजेडासारखा, एक दुकानातल्यासारखा, एक घरातल्यासारखा. तिसरा दिवा मी यायच्या आधीपासून गेलेला होता आणि खरेदी विभागाच्या लेखी तो दिवा म्हणजे चैन होती. म्हणून ताई घरून बल्ब आणत. तो लावला. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या काळ्या कवचात तांबडट झाक आली. शेजारी ठेवलेलं जुनं कवच मात्र काळंच.

"आता सांग. तव्याच्या पाठीचा काळा आन् जुन्या छत्रीचा काळा एक हाय का?"

आमचे क्वालिटी मॅनेजर शेंडगेसाहेब मागे येऊन उभे होते. "ताई, उद्या गणपतीची माळ पण आणा. लुकलुकणारी. तिच्याखाली पण चेक करू."

"आनते की. दिवाळीत लोक त्याच माळंखाली डबा उगडनारेत, सायेब."

पेटी परत गेली. शेंडगे चरफडत गेले, पण गेले. तेव्हा ऐकत असत त्यांचं.

त्यांच्या सवयी सांगते. कुठलाही नमुना त्या तीन मोजेपर्यंतच बघत. मग मान वळवून राखाडी भिंतीकडे बघत, पुन्हा तीन. मी जास्त वेळ निरखायला लागले की हातावर चापट. "डोळा लबाड हाय पोरी. लई येळ बगितलं की तो जुळवून घेतो. पयलं दिसलं तेच खरं." हे वाक्य मी नंतर किती ठिकाणी वापरलं असेल. शिफ्ट सुरू झाल्यावर पहिला अर्धा तास कोणाशी बोलत नसत. हातातल्या हिरव्या बांगड्या कोपराकडे सारून त्यांच्यावर हातरुमाल बांधत, कारण बांगडीचा हिरवा प्लेटवर पडतो. कपाळाला टिकली बारीक, काळी. कोणी नवी रंगीत साडी नेसून टेबलाशी आलं की, "लांब हो बाई, तुझा जांभळा सांडतोय." आणि एक नियम होता, जो त्यांनी कधीच मोडला नाही: चुकीच्या उजेडात रंग सांगायचा नाही. कोणी जिन्यात गाठून विचारलं, 'ताई, ही प्लेट बरी आहे का हो?' तर त्या प्लेटीकडे बघतसुद्धा नसत. "उजेडात चल." वीज गेली की नमुना घेऊन उत्तरेच्या दाराशी जाऊन उभ्या राहात. ढग आले तर थांबत. ट्रक उभा असला तरी थांबत. आम्ही त्यावर हसायचो.

रंगांची इंग्रजी नावं त्यांना पाठ होती, पण वापरत नसत. पांढरे चार: दह्याचा, चुन्याचा, खोबऱ्याचा आणि धुतलेल्या उशीच्या अभ्र्याचा. मी एका महिन्यात तो चौथा ओळखायला शिकले. अजून ओळखू येतो. नको असतानाही येतो.

आता त्या हिरव्याची गोष्ट.

दिवाळीसाठी एक खास रंग काढायचा होता. गुरगावहून मार्केटिंगचा एक मुलगा आला. चांगला होता बिचारा, नुसता घाईत. त्याच्याकडे मॉलमध्ये केलेली पाहणी होती. लोकांना रंगाचे तुकडे दाखवून कुठला आवडतो ते विचारलं होतं. आवडायला लोकांना लाल, निळा, सगळं आवडत होतं, आणि विकत घेणार कुठला म्हटलं की सगळे काळ्यावर यायचे.

"आंटी, कंझ्युमर को आखिर ब्लॅक ही चाहिए."

"कौनसे उजेड में पूछा?" ताईंचं हिंदी असं.

"मतलब?"

"दुकान के की घर के?"

तो हसला. ताई हसल्या नाहीत. "दुकानात पोरगं निवडतं, भाऊ. घरात पुसती आई. तिला इचारलं का कुनी?"

मग त्यांनी स्वतःची पाहणी केली. चाचणीतल्या सात टाकाऊ प्लेटा रीतसर गेटपास करून घरी नेल्या आणि इमारतीच्या जिन्यातल्या कट्ट्यावर, चपलांच्या मांडणीशेजारी, ओळीने ठेवून दिल्या. कोणाला काही विचारलं नाही. "इचारलं की मानूस शहान्यासारखं बोलतो. गप बसलं की हात बोलतो." आठ दिवस येता-जाता बघत राहिल्या. काळ्या प्लेटीवर तिसऱ्या दिवशी धूळ दिसायला लागली आणि समोरच्या वहिनींनी ती भिंतीकडे वळवून ठेवली. पांढरीवर हळदीची बोटं. लालवरून पोरांची मारामारी, आणि एक आजी म्हणाल्या, डोळ्यावर येतंय हो हे. गुलाबी प्लेट आठही दिवस कोणी हलवली नाही. तेवढ्यापुरता ताईंनी न विचारण्याचा आपला बेत मोडला आणि चौथ्या मजल्यावरच्या सईला, पाचवीतल्या, विचारलं: "तुला तरी आवडंल वाटलं व्हतं गं?"

सई म्हणाली, "काकू, गुलाबी कंट्रोलर आणला ना, की तो मलाच देतात. आणि गुलाबी म्हणजे प्लेअर टू. दादा कायम प्लेअर वन. मला ज्याचं काही ठरलेलं नाही असा रंग पाहिजे."

हे ताई मला सांगत होत्या तेव्हा त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. "दहा वर्साची पोर. ज्याचं काई ठरल्यालं न्हाई. मला सुचलं नसतं."

सातवी प्लेट फिक्या हिरव्या रंगाची होती. ती एका आजोबांनी उचलून हातात फिरवली. पोरांनी तिच्यावरून भांडण केलं नाही, आयांनी नाक मुरडलं नाही, धूळ बसली ती दिसली नाही. आठव्या दिवशी ती जिन्यातून नाहीशी झाली. सईनेच नेली होती. ताईंनी त्या हिरव्यात जरासा पिवळा वाढवून घेतला, दोनदा परत पाठवला, आणि ओल्या हरभऱ्याचा दाणा सोलल्यावर जसा दिसतो तसा झाल्यावर मार्केटिंगच्या मुलासमोर ठेवला. "ह्यो घ्या. सोलाणा."

कंपनीने त्याला काहीतरी समुद्रकिनाऱ्याचं इंग्रजी नाव दिलं. सादरीकरण त्या मुलाने केलं, टाळ्या त्याला पडल्या, ताईंना एक स्टीलची पाण्याची बाटली मिळाली. बाटली काळी. "बगा," त्या म्हणाल्या, "धूळ दिसनारच."

त्या स्वतः गेम एकदाच खेळल्या. सईच्या घरी, दोघा भावंडांनी बळेच बसवलं. गाडी पळवायचा गेम. ताईंनी गाडी सुरू केली आणि पहिल्याच वळणावर रस्त्याच्या कडेला थांबवली. पोरं ओरडतायत, काकू एक्सलेटर, काकू सगळे पुढे गेले! ताई म्हणाल्या, थांब की, त्या डोंगरामागं ऊन कसं पडलंय बगू दे. शेवटचा नंबर आला. हे त्यांनी आम्हाला जेवणाच्या सुट्टीत अभिमानाने सांगितलं.

आता मला जे सांगायचं नाही तिथे आले.

गौरी आणायच्या दिवशी पहिली शिफ्ट होती. ताई नेहमी पहिल्याच शिफ्टला असत, सात ते तीन. त्या दिवशी रंगाच्या दाण्यांची नवी गोणी आली होती, नव्या पुरवठादाराकडून. एक चाचणी प्लेट काढली. मशीन पास म्हणालं. ताईंनी बल्ब लावला. हिरवा मेला. दुसरा शब्द नाही. दिवसाच्या उजेडात सोलाणा, बल्बखाली शिळी भाजी. त्यांनी गोणीवर लाल चिकटपट्टी लावली, तिच्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं: 'घरच्या दिव्याला लागत नाही. वापरू नये.' मी शेजारी उभी होते. अक्षर अजून दिसतं मला. मग तीनला त्या घरी गेल्या, गौरी आणायला.

आणि त्यांची चूक. होय, त्यांचीही एक चूक होती, ती मी लपवणार नाही. शिक्का नियमाने ज्याचा त्याने कुलपात ठेवायचा. ताई तो टेबलाच्या खणात ठेवत आणि किल्ली कॅलेंडरमागच्या खिळ्याला अडकवून जात. सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या शिफ्टला एखादी पेटी, त्यांनीच दुपारी बघून ठेवलेली, नुसती शिक्क्यावाचून अडू नये म्हणून. "माज्यापायी काम थांबाया नगं." ज्या बाईने उजेडासाठी ट्रक थांबवले, तिला शिक्क्यासाठी कोणाला थांबवायची लाज वाटायची. विश्वासाची ही अशी चूक आमच्या पट्ट्यात कारखान्या-कारखान्यांत रोज होते, आणि रोज खपून जाते.

त्या संध्याकाळी ट्रक भरायचा होता आणि जुने दाणे संपले होते. वरच्या प्लेटा जुन्या रंगात तयार होत्या, खालच्या काढायच्या राहिल्या होत्या. कोणी तरी लाल पट्टी सोलली. कोणी तरी खिळ्यावरची किल्ली घेतली. खालच्या प्लेटांच्या सगळ्या पेट्यांवर सात नंबर पडला.

दिवाळीत संच घरोघर गेले. लोकांनी पिवळ्या दिव्यांत, माळांत डबे उघडले, आणि वरची प्लेट एक हिरवी, खालची दुसरीच. फोटो यायला लागले. आरशात बघितल्यासारखे एकसारखे फोटो, गावोगावचे. जुना माल बसवलाय, फसवणूक आहे, असं लोक लिहीत होते. लोकांचं काय चुकलं? त्यांनी हौसेने रंग निवडला होता.

कोणाला तरी दोषी ठरवायचं होतं. शिक्का सातचा होता.

ताईंनी शेंडगेंना स्वच्छ सांगितलं, "त्या दिवशी मी पट्टी लावून गेल्ते."

"पट्टी कुठाय?"

"ती मला काय इचारता?"

शिल्लक प्लेटा तोवर ग्राइंडरमध्ये घालून भुगा केल्या होत्या. पट्टी नाही, प्लेट नाही. मग कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की बाईंचे डोळेच तपासा.

पाहुण्यांच्या खोलीत जाड पडदे आहेत आणि छतात दडवलेले पिवळे दिवे. कंपनीकडे येणारे डॉक्टर ठिपक्यांचं पुस्तक घेऊन बसले होते. रंगीत ठिपक्यांत आकडा दडलेला असतो, तो सांगायचा. शेंडगे होते. आणि हजर म्हणून आमच्या विभागातले पाच जण, भिंतीला पाठ लावून. ताईंचा उपास होता. त्यांनी बांगड्या वर सारल्या, रुमाल बांधला. म्हणजे त्या तयार होत्या. हे लक्षात ठेवा, त्या सांगायला तयार होत्या.

"या पानावर कोणता आकडा दिसतो?"

ताईंनी वर दिव्याकडे बघितलं. "खिडकीपाशी चला, सांगते."

"इथूनच सांगा."

"ह्या दिव्याखाली मी रंग सांगत नसते, डॉक्टरसायेब."

"मॅडम, फक्त आकडा विचारतोय."

"आकडा रंगाचाच हाय न्हवं? पिवळा दिवा जोडी ताडाया; नुस्ता रंग सांगायचा तर दिवसाचा उजेड लागतो. ह्याच्याखाली सांगितला तर त्यो अंदाज झाला. अंदाज मी कवा दिला न्हाई."

शेंडगे म्हणाले, "ताई, नाटकं नकोत. दिसतो की नाही?"

"उजेडात दिसंल. पडदा सारा."

खिडकी चार पावलांवर होती. मी मोजली, कारण मोजण्याखेरीज मी काही करत नव्हते. ताईंखेरीज सात माणसं होती त्या खोलीत. कोणी पडदा सारला नाही. डॉक्टरांनी पान उलटलं. तेच उत्तर. पुन्हा उलटलं. चौथ्या पानाला ताईंनी उत्तर दिलंच नाही, नुसतं आमच्याकडे बघितलं, एकेकाकडे. तीन मोजेपर्यंत.

कागदावर आलं: 'चार पानांवरील आकडे ओळखू शकल्या नाहीत. रंगदृष्टी सदोष.'

ओळखू शकल्या नाहीत! त्यांनी ओळखायला उजेड मागितला होता.

त्या कागदाखाली हजर असल्याच्या पाच सह्या आहेत. चौथी माझी आहे. शेंडगे म्हणाले होते, "तू फक्त हजर होतीस एवढंच लिहायचंय, बाकी तुझा काय संबंध?" माझ्या नोकरीच्या मुदतवाढीचा कागद त्याच फायलीत खाली दिसत होता, त्याचा कोपरा. कोणी धमकी दिली नाही. मी हे वाढवून सांगणार नाही. कोपरा दिसत होता, एवढंच.

दीड महिन्यांनी मी ती नोकरी सोडली. त्याने काही भरून निघत नाही. आता चिंचवडला कामगारांच्या एका छोट्या मंडळात बसते, इतरांवरच्या अन्यायाची पत्रकं लिहिते, चौकात वाटते. कोणी काही सांगायला लागलं, माझा अमुक अमुक गुन्हा नव्हता मॅडम, की माझ्या कानाशी कोणी तरी विचारतं: कोणत्या उजेडात? मी लिहिताना थांबते. समोरचा म्हणतो, काय झालं? काही नाही.

तो हिरवा मला सोडत नाही. पिंपरीत बसमध्ये एका पोराच्या हातात कंट्रोलर होता, सोलाण्याच्या रंगाचा. मी दोन थांबे पुढे गेले, उतरायचं विसरून. दुकानाच्या काचेत दिसला की मी न चुकता तीन मोजून मान वळवते, राखाडी भिंत शोधते. आणि सगळ्यांत वाईट ते हे: आतल्या एका मैत्रिणीने सांगितलं, शिक्का अजून चालू आहे. नवा बनवायला टाकलाय, आला नाही. खालचे लोक अजून ओरडतात, सात नंबर काय म्हणतोय? बाईला काढून टाकलं आणि तिचा नंबर रोज सकाळी सातला कामावर हजर होतो. रिकाम्या स्टुलासमोर पेट्या येतात आणि पास होतात.

'रंगदृष्टी सदोष' असं एकदा लिहिलं गेलं की या पट्ट्यात तपासणीचं काम कुठेच मिळत नाही. ताईंनी तीन ठिकाणी अर्ज केला. मग दिसेनाशा झाल्या. मोशीला मी दोनदा जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. भेटल्या त्या अचानक, गेल्या महिन्यात, पिंपरी कॅम्पात. मामेबहिणीच्या साडीला ब्लाउजपीस घ्यायला मी एका मॅचिंग सेंटरमध्ये शिरले. तुम्हाला माहीत आहे, हजार रंगांचे गठ्ठे, भिंतभर. गल्ल्याच्या बाजूला खाली बसून एक बाई कापडाच्या घड्या घालत होती. बांगड्या मनगटावर होत्या.

मला वाटलं ओळख देणार नाहीत. म्हणाल्या, "बस पोरी. च्या घेती का?"

मी माफी मागितली. कशी ते लिहीत नाही. त्यांनी हात हलवला, माशी उडवल्यासारखा. मग मी, काहीतरी बोलायचं म्हणून, हातातली साडी पुढे केली. "ताई, याला तुम्हीच काढून द्या ना पीस."

त्यांनी साडीकडे बघितलं नाही. "मी घड्या घालती फकस्त. रंगाचं ती पोरगी बघती."

"तुम्ही असताना?"

मग उठल्या, गठ्ठ्यातून एक पीस ओढला, साडी घेतली, आणि दोन्ही घेऊन दुकानाच्या पायरीवर गेल्या, भर दुपारच्या उजेडात. मला बरं वाटलं. वाटलं, काही बिघडलेलं नाही. त्यांनी पदराला पीस लावून धरला. तीन मोजून झाले. त्या बघतच राहिल्या. सहा. दहा. पीस उलटून पुन्हा लावला.

"एकच हाय का गं ह्यो?"

"एकच आहे ताई. तंतोतंत."

"नक्की? का मला बरं वाटाया म्हनतीस?" आवाज इतका खाली की मला वाकावं लागलं. "कारण मी इचार करती. एवढी शिकल्याली माणसं, डॉक्टर, समद्यांनी सही केली. तू बी केलीस. खरंच दिसत नसंल का गं मला? आदीपासनंच?"

मी सांगितलं, दिसतं. शपथ घेतली. त्यांनी तो पीस माझ्या हातात दिला, दुसऱ्या पोरीला हाक मारली, "हे जरा बगून दे गं हिला," आणि आत जाऊन घड्यांशी बसल्या. भिंतभर रंगांकडे पाठ करून.

तिथे त्यांना सोडून मी आले. माझ्या शब्दाला त्यांच्या लेखी किंमत नाही, आणि नसावी. जो एकदा खोट्याखाली सही करतो त्याच्या खऱ्याचं काय करायचं? त्यांना पुरावा हवा आहे, हातात धरून उजेडात बघता येईल असा. कारखान्यातल्या प्लेटांचा भुगा झाला. पण सगळ्या प्लेटा कारखान्यात नव्हत्या.

प्रत्येक प्लेटीच्या आतल्या अंगाला, साच्यातूनच उठलेली, नखाएवढी चकती असते. तिच्यातला बाण महिना दाखवतो. चकतीशेजारी बारीक ठिपके असतात: पहिल्या शिफ्टला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन. शिफ्ट बदलली की ते बदलतात. हे पुसता येत नाही, खोडता येत नाही. निर्मला बोराटे फक्त पहिल्या शिफ्टला होत्या. खराब माल दुसऱ्या शिफ्टचा आहे आणि त्याच रात्री तो ट्रकने बाहेर पडला. पुरावा तुमच्या टीव्हीखाली आहे.

गेल्या दिवाळीचा फिका हिरवा संच तुमच्या घरी असेल, किंवा भावाकडे, शेजाऱ्याकडे असेल, तर आजच खालची प्लेट काढा. ती नुसती दाबून बसवलेली असते, दोन्ही अंगठ्यांनी निघते. आत ठिपके मोजा. दोन असतील तर त्यांचा दिवसाउजेडी फोटो काढा, ज्या दुकानातून संच घेतला तिथे लेखी तक्रार द्या, तक्रारीत लिहा की ही प्लेट तपासली त्या वेळी सात नंबर घरी होता, आणि तिची एक प्रत हे पान ज्याने तुमच्या हाती दिलं त्याच्याकडे द्या. 'बघू' म्हणू नका. उठा आणि प्लेट काढा.